धाकटीला लिहून दिलेली दोन वाक्यं

४ फेब्रुवारी, मंगळवार

इंग्रजी! आम्हाला! चादरींना इस्त्री करणाऱ्या बावीस बायकांना आजपासून रोज पाऊण तास इंग्रजी. तेही जेवणाच्या सुट्टीतून कापून. ज्या हॉटेलांच्या चादरी आमच्या लाँड्रीत येतात, त्यांची कुणी मॅडम वीस तारखेला तपासणीला येणार आहे. ती कामगारांशी थेट बोलणार, आणि तिला फक्त इंग्रजी येतं. म्हणून मॅनेजरला अचानक आमच्या तोंडाची काळजी.

शिकवायला आणलेली बाई पंचविशीची. वाक्य संपलं की हसते, संपलं नाही तरी हसते. मी तिचं नाव स्माईलबाई ठेवलं. आजचा शब्द इनजस्टिस, म्हणजे अन्याय. "कुणाला उदाहरण सुचतंय?" असं तिनं हसत विचारलं. मॅनेजर दारातच उभा होता. बावीस तोंडं, एक चकार शब्द नाही. शेवटी एकजण म्हणाली, "माझी सासू धाकट्या मुलाला जास्त जीव लावते." स्माईलबाईनं टाळ्या वाजवल्या!

५ फेब्रुवारी, बुधवार

आज एम्पथी. म्हणजे, स्माईलबाईच्या म्हणण्याप्रमाणे, दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून बघायचं. आमच्या खात्याबाहेर बावीस जोड पडलेले असतात. गेल्या वर्षी माझा कोरा जोड कुणीतरी घालून गेली ती गेलीच. केवढी एम्पथी असेल तिच्यात!

वर्गात मीच हुशार आहे. इथे लिहायला कसली लाज? शाळेत इंग्रजीत माझा पहिला नंबर असायचा. बाकीच्यांना धड उच्चारही जमत नाहीत. शेजारच्या टेबलावरची तर प्रत्येक शब्दाला खोकते. वाटतं, शब्द घशात अडकलाय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फ्री एक्स्प्रेशन — मोकळेपणी बोलायचा हक्क. धडा चालू असताना खोकणारीला बाथरूमला जायचं होतं. पण खिळ्यावर बिल्ला नव्हता. आमच्या खात्यात पितळी बिल्ला एकच, तो गळ्यात असेल तरच बाथरूमला जाता येतं. बावीसजणींत एक! तो कुणीतरी घेऊन गेलेली. ही पाय आवळून उभी राहून म्हणतेय, "आय हॅव द राइट टू स्पीक." आणि स्माईलबाई म्हणते, "आणखी मोठ्यानं!"

याच बिल्ल्यावरून माझ्या धाकट्या जावेनं महिन्यापूर्वी तमाशा केला होता. तेव्हा ती आमच्याच खात्यात होती. भर कामात मॅनेजरला म्हणाली, "साहेब, आम्ही माणसं आहोत. निदान चार बिल्ले तरी द्या." झालं! दुसऱ्या दिवशी तिची बदली मागच्या शेडमध्ये, ब्लीचच्या हौदावर. आता बोटांची सालं निघतात. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

मी तेव्हा पलीकडच्याच टेबलावर होते. चादरीची घडी वाकडी आली होती, ती मोडून पुन्हा घालत होते.

९ फेब्रुवारी, रविवार

आमचं हे आणि दीर, दोन भाऊ चहा पीत बसलेले. हे म्हणाले, "काही म्हणा, धाकटी धीट आहे." धीट! खाटेवर बसून दुसऱ्याच्या धीटपणाचं कौतुक करायला काय जातं?

१० फेब्रुवारी, सोमवार

स्माईलबाईनं वाक्यांच्या चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकीला एक. मला तीन!

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाला! बारा वर्षांत पहिल्यांदा.

"तुम्ही समजूतदार आहात. मॅडमबरोबर तुम्हीच फिरायचं. सगळं नीट पार पडलं तर सुपरवायझरची जागा तुमची." मग पेन बंद करत म्हणाला, "तेवढं जाऊबाईंना सांभाळा."

सुपरवायझरला खुर्ची असते. माझे गुडघे आता दुपारनंतर वाकत नाहीत. घरी कुणालाच सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

धाकटी आली. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, तरी पाहुण्यासारखी दारातून विचारते, "ताई, येऊ?" हात पदराखाली झाकलेले. शेडमधल्या बायकांना वर्ग नाही, त्यांना कोण विचारतंय?

म्हणाली, "ताई, ती मॅडम आमच्या शेडमध्ये पण येणार आहे. मला दोन वाक्यं इंग्रजीत लिहून द्याल का? बिल्ले मागितले म्हणून मला हौदावर टाकलं, एवढंच सांगायचंय. आपल्या अक्षरांत लिहा, मी पाठ करते."

"आणि नोकरी गेली तर?"

"जाऊ दे. नाहीतरी हातच जाणार आहेत. आणि ताई, तुम्ही बरोबर असाल ना? मग मला भीती नाही."

मग हात बाहेर काढून दाखवले. मी कशाला बघू? मला काय दिसत नाही? उद्या देते म्हणाले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिली लिहून.

आय आस्क्ड फॉर धिस वर्क मायसेल्फ. नो वन फोर्स्ड मी.

हे काम मी स्वतः मागून घेतलं. मला कुणी जबरदस्ती केली नाही. 'हॅपी' मुद्दाम घातलं नाही, तो शब्द तिलाही कळतो. कागद दोन्ही हातांनी घेतला तिनं, एखादं सर्टिफिकेट मिळाल्यासारखा. "ताई, तुमचे उपकार झाले."

तिचंच भलं केलं मी. बोलली असती तर दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर. हिला इंग्रजी कुणी शिकवलं, तर थोरल्या जावेनं, म्हणजे मीही गेटाबाहेर. एकीच्या आगाऊपणापायी दोन घरांच्या चुली का विझवायच्या? शहाणपण कुणीतरी दाखवायला हवं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भिंतीपलीकडून तिचं पाठांतर ऐकू येतंय. फोऽर्स्ड, फोऽर्स्ड. मग तिच्या लेकीचा आवाज. आठवीतली पोर आईचे उच्चार सुधारतेय. मग एकदम सगळं शांत. कंटाळली असेल. डोकं कुठाय एवढं!

२० फेब्रुवारी, गुरुवार

मॅडम आली. बुटकी, साधी, खांद्याला कापडी पिशवी. आमच्या खात्यात नव्याकोऱ्या खिळ्यांवर सहा चकचकीत बिल्ले! खोकणारीनं आपलं वाक्य न खोकता म्हटलं. मी माझी तिन्ही वाक्यं म्हटली. मॅनेजरची छाती फुगली. पोपट सगळे, मीच काय ती माणसासारखी बोलले.

मग मागची शेड. धाकटी हौदाशी उभी, हातात रबरी मोजे — तेही आजच आलेले. मॅडमनं विचारलं, तुला काही सांगायचंय का? मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. 

बोलली. पण कशी! आय, म्हणाली आणि थांबली, माझ्याकडे बघितलं. आस्क्ड. पुन्हा थांबली, पुन्हा माझ्याकडे बघितलं. प्रत्येक शब्दाला तेच! बरोबर येतंय ना, असं विचारत असणार, म्हणून मी दर वेळी मान हलवली. मंद ती मंदच. दोन ओळींना किती वेळ लावावा माणसानं? मॅडमनं वहीत लिहून घेतलं, थँक्यू म्हणाली आणि पुढे गेली.

सुटले बाई!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सुपरवायझर. ऑर्डर हातात. दुपारी खुर्ची मिळाली, पाठ टेकायची, हात ठेवायचे दांडे असलेली. एकवीसजणींच्या पाठी दिसतात तिथून. पाच बिल्ले कालच संध्याकाळी कपाटात गेले. कुणी विचारलं नाही. विचारतील कसल्या, यांच्यात दम आहे?

स्माईलबाई निरोप घ्यायला आली. हसत म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना आता आपला आवाज सापडलाय." हसू आलं मला. तिलाही आलं, पण तिला काय, कशालाही येतं.

घरी सगळ्यांनी अभिनंदन केलं. धाकटी तेवढी आली नाही. पोटात दुखत असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

धाकटी आली. आत ये म्हटलं, तरी दारातच उभी राहिली.

"ताई, मंगळवारीच पोरीनं मला अर्थ सांगितला होता."

 मी विचारलं, "मग म्हणालीस कशाला?"

"एकटीचं कोण ऐकणार होतं? एकेक शब्द म्हणत होते आणि तुमच्याकडे बघत होते. वाटत होतं, आता थांबवाल. आता तरी थांबवाल." मग जाता जाता म्हणाली, "दहा शब्द होते, ताई."