बॅटरी रूमची हवा

अप्पा, मागच्या महिन्यात मी अगदी तुमच्यासारखी ओरडले. तेही सासूबाईंवर. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

तुम्हाला ठाऊक नाही, ह्यांची फुप्फुसं गेल्या वर्षापासून साथ देत नाहीत. बेडरूममध्ये ऑक्सिजनचं मशीन असतं, ते हवेतूनच ऑक्सिजन काढतं आणि विजेवर चालतं. टिटवाळ्याच्या ह्या नव्या बिल्डिंगमध्ये लाईट कधी जाईल ह्याचा नेम नाही, म्हणून इन्व्हर्टर घेतला आणि जागा नव्हती म्हणून त्याची बॅटरी हॉलमधल्या कपाटात, चपलांच्या वर ठेवली. कपाटाला लागूनच देव्हारा. त्या संध्याकाळी घरात सडक्या अंड्यासारखा वास सुटला. सासूबाई म्हणाल्या, “गटार तुंबलं असेल.” मी कपाट उघडलं तर बॅटरी तव्यासारखी तापलेली, एका बाजूने फुगलेली. मागे वळले तर देवापुढे दिवा लावायला आलेल्या सासूबाईंच्या हातात काडेपेटी. “काडी ओढू नका! मागे व्हा!” मी एवढ्या जोरात किंचाळले की त्यांच्या हातातून पेटी खाली पडली.

त्या एका क्षणात मी कल्याणच्या तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. दसऱ्याची पूजा चाललीय, मशिनींना झेंडूच्या माळा घातल्यात, आणि मी नव्या फ्रॉकमध्ये पेटलेली उदबत्ती घेऊन तुमच्या बॅटरी रूमकडे धावतेय. तुम्ही दारातच माझं मनगट धरता. “मागे हो! बॅटरी चार्ज होताना गॅस सुटतो, एक ठिणगी पुरते!” सगळ्या स्टाफसमोर ओरडलात. मी इतकी रडले की घरी येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात, आणि अ‍ॅसिडने भोकं पडलेल्या शर्टाच्या बाहीने माझं तोंड पुसत शांतपणे सांगितलंत की शंका आली तर आधी हवा मोकळी करायची, मग बटणाला हात लावायचा.

मी तसंच केलं. खिडक्या, दार, सगळं उघडलं, थांबले, मग इन्व्हर्टर बंद केला आणि ह्यांचं मशीन सरळ भिंतीच्या प्लगला लावलं. हुश्श म्हणते तोच लाईट गेली. मशीनचा आवाज थांबला की घर किती शांत होतं, अप्पा. अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर लावला, पण त्याचा काटा लाल पट्टीला टेकला होता. ह्यांचे ओठ काळसर दिसायला लागले होते. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला तर म्हणाले, रेल्वे फाटकाजवळ अडकलोय. आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरची मुलगी खाली आली. नोकरीला ठाण्याला जाते, तिने नुकतीच इलेक्ट्रिक गाडी घेतलीय.

“काकी, माझ्या गाडीतून लाईट देऊ का?”

“गाडीतून?”

“हो, प्लग आहे तिला. फक्त वायर लांब हवी.”

सोसायटीच्या गणपतीची वायर निघाली. आम्ही पहिल्या मजल्यावर, खिडकीतून ती वर ओढून घेतली. मशीन पुन्हा घरघरलं. थोड्या वेळाने ह्यांना रंग आला आणि नाकातल्या नळीतून हसत म्हणाले, “आता मी लाईटवर नाही, गाडीच्या बॅटरीवर चालतोय.” सासूबाई रडल्या. मी मात्र खिडकीतल्या वायरकडेच बघत बसले.

ती फुगलेली बॅटरी गेली. आता लिथियमची आणलीय, भिंतीवर टांगलेली, सडपातळ, चालू असली की हिरवा ठिपका दाखवणारी. दुकानदार म्हणतो, हिच्यात पाणी घालायला नको, गॅसची भीती नको. मग मी शेजारणींकडून स्कूटरच्या बॅटऱ्या पेटल्याच्या गोष्टी ऐकते आणि पुन्हा जाऊन ती तापली का बघते. छतावर सोलर बसवायचं सोसायटीत चाललंय, त्यालाही मी हात वर केला, आणि घरी येऊन वाटलं, त्याचं काही बिघडलं तर? तुम्ही असतात तर एकदा ह्या नव्या बॅटरीला हात लावून सांगितलं असतंत, ठीक आहे की नाही. पण ही बॅटरी तुम्ही पाहिलेलीच नाही, आणि मी हा कागद पोस्टात टाकणारही नाही.

फक्त एक सांगते, घरात कोणालाच सांगितलेलं नाही. लाईट गेली की मी आधी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही. आधी बॅटरीवरचा हिरवा ठिपका बघते.