शुक्रवारचा खिमा

बाबा,

आज शुक्रवार, माझ्याकडे सगळे जेवायला येणार आहेत, म्हणून सकाळीच बीफचा खिमा कांद्यावर परतून स्लो कुकरमध्ये लावला आहे. आलं-लसूण, हिरवी मिरची, टोमॅटो आणि शेवटी थोडं व्हिनेगर, आईचीच पद्धत. संध्याकाळी बन कापून त्यात भरायचा. बनला लोणी नाही, कारण मांसाबरोबर दूध आपल्या घरात कधी आलं नाही आणि माझ्याही घरात येत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला आता फोटो बघावा लागतो. हात मात्र फोटोशिवाय आठवतात. मारायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायची तुमची सवय होती. काच फुटू नये म्हणून. घड्याळ काढलंत की आई मला म्हणायची, "वर जा." मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे आणि खालचं सगळं ऐकायचे. आई ओरडायची नाही. भांडी, खुर्च्या, भिंत, यांचेच आवाज यायचे.

मुंबईला तुम्ही ऑफिसात कारकून होतात, इस्त्रीचा शर्ट घालून जायचात. लंडनजवळ हाउन्सलोला आल्यावर एअरपोर्टवर लोकांच्या बॅगा उचलू लागलात. तिथे तुम्हाला नावानं कोणी हाक मारत नसे, "पाकी" म्हणत. आपण मुंबईचे बेने इस्राएल, शनिवार पाळणारी ज्यू माणसं, हे तिथे कोणाला आणि कशासाठी सांगायचं? दिवसभर गिळलेलं सगळं तुम्ही घरी येऊन आईवर काढायचात. एकदा तिचं मनगट मोडलं तेव्हा हॉस्पिटलात पुण्याचे एक डॉक्टर भेटले. प्लॅस्टर घालताना ते मराठीत हळूच म्हणाले, "वहिनी, जिन्यावरून पडलं की असं मोडत नाही." तुम्ही शेजारीच उभे होतात. आई म्हणाली, "आमचा जिना तसा आहे, डॉक्टर."

आईचा स्लो कुकर तिला ती काम करायची त्या एअरपोर्टच्या किचनमधल्या मैत्रिणींनी वाढदिवसाला दिला होता. नारिंगी रंगाचा, आतलं मातीचं भांडं बाहेर न निघणारा. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावल्यावर आपल्याकडे चूल पेटवत नाहीत, बटणाला हात लावत नाहीत. आई दुपारीच खिमा लावून ठेवायची आणि शुक्रवारी रात्रीचं जेवण वाफाळतं असायचं. पहिल्यांदा खाल्लात तेव्हा "बरं झालंय" म्हणालात. तुमच्या तोंडून तिच्या स्वयंपाकाला तेवढाच एक चांगला शब्द मी ऐकला. ती दोन दिवस गुणगुणत होती.

त्या शुक्रवारी वॉटफर्डहून काका-काकू जेवायला आले होते. तुम्हाला उशीर झाला. दार उघडलं तर तुमचा ओठ फाटलेला, कॉलर रक्तानं भिजलेली. "पडलो," म्हणालात. काका म्हणाले, "पडलास की पाडलं?" तोंड धुऊन आलात, किद्दुशची प्रार्थना म्हटलीत, आणि द्राक्षरसाच्या पेल्याच्या काठाला तुमचं रक्त लागलं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. काकांना गप्प राहवलं नाही. ते म्हणाले, "बस-स्टॉपवरची ती पोरं ना? अरे, मान खाली घालून निघून यावं. देश त्यांचा आहे." तुम्ही घड्याळ काढलंत. आईनं घाईघाईनं खिमा भरलेला बन तुमच्यापुढे ठेवला. "सुका आहे," म्हणालात आणि उठून तिच्या कानाखाली अशी मारलीत की ती फळीवर आदळली. काका ताटात बघत राहिले. काकूंनी माझा हात टेबलाखाली घट्ट धरला. मला आठवतं, मी त्या वेळी तुमच्या हाताकडे बघत नव्हते, माझ्या हाताजवळच्या, बन कापायच्या सुरीकडे बघत होते.

आणि तेवढ्यात पुढच्या खोलीची काच फोडून वीट आत आली. काकूंच्या केसांत काचा उडाल्या. बाहेर तीन पोरं होती, तुमच्या मागे मागे घरापर्यंत आलेली. "कम आउट, पाकी!" एक जण दारावर लाथा घालत होता, बिजागरी हलायला लागली होती. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे होतात. आता दार तुटणार हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी हलत नव्हतं. आई हलली. तिनं शब्बाथ असूनही प्लग खेचून काढला, तो नारिंगी कुकर दोन्ही कानांना धरून उचलला, वायर फरफटत पॅसेजमध्ये गेली, कोपरानं कडी काढली आणि दार उघडताच तो सगळा उकळता खिमा समोरच्या पोराच्या तोंडावर ओतला.

बाबा, तशी किंकाळी मी पुन्हा कधी ऐकली नाही. तो पोरगा जेमतेम वीस वर्षांचा असेल. चेहऱ्यावरचा खिमा ओरबाडून काढताना त्याची कातडीही निघत होती. रस्त्यावर गुडघे टेकून तो आईला हाका मारत होता, स्वतःच्या आईला. दुसरे दोघे पळाले. आई रिकामा कुकर पोटाशी धरून उंबऱ्यावर उभी होती आणि तिच्या गालावर तुमची बोटं उमटलेली होती.

पोलीस आले. ॲम्ब्युलन्स त्या पोराला घेऊन गेली. सार्जंटनं विचारलं, हे कोणी केलं? आईनं तोंड उघडलं, आणि तुम्ही तिच्या पुढे येऊन उभे राहिलात. "मी केलं," इंग्लिशमध्ये म्हणालात. "माय वाइफ वॉज इन द किचन." आई मराठीत ओरडली, "अहो, काय बोलताय!" तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "गप्प बस. पोरीला सांभाळ." तुमचा आवाज अजिबात कापला नाही. काका-काकूंनी मान डोलावली. मीही डोलावली.

तुम्हाला शिक्षा झाली, नोकरी गेली. वीट मारणाऱ्यांना समज देऊन सोडलं. तुम्ही सुटून आलात तेव्हा आईनं तुमच्यासाठी कोंबडी केली होती, आणि काही आठवडे तुम्ही खरंच शांत होतात. मग एका संध्याकाळी चहा गार झाला म्हणून तुम्ही तिला केस धरून सिंकवर आपटलंत आणि म्हणालात, "तुझ्यासाठी आत गेलो होतो मी!" पूर्वी तुम्हाला मारायला कारण लागत नसे. आता कायमचं कारण मिळालं होतं. ते वाक्य तुम्ही दर वेळी म्हणू लागलात. शेवटी मी मध्ये पडले आणि तुमचा पट्टा माझ्या तोंडावर बसला. आईनं माझं रक्त पदरानं पुसलं, दोन बॅगा भरल्या आणि दारात तुम्हाला म्हणाली, "माझ्यासाठी आत गेलात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्यासाठी तुम्हाला माझी हाडं देणार नाही. आणि हिची तर नाहीच."

तुम्ही त्याच घरात एकटे राहिलात, आणि तिथेच गेलात. काकांचा फोन आला तेव्हा आई भांडी घासत होती. तिनं हात पुसले, आपल्या रीतीप्रमाणे अंगावरचा कपडा फाडला आणि सात दिवस जमिनीवर बसून तुमचा शोक पाळला. मी चिडून विचारलं, "कशाला?" म्हणाली, "एकदा माझ्यापुढे उभे राहिले होते." "आणि बाकीचं?" "बाकीचं वर गेल्यावर विचारीन त्यांना." आता तीही तिकडे आली आहे. विचारलं असेल तर तुम्ही काय उत्तर दिलंत, हे मला फार ऐकायचं होतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि कबरीवर ठेवायची माझी इच्छाही नाही. फक्त एक गोष्ट लिहून टाकते. तुम्ही तुरुंगात होतात ते महिने आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे होते. आई मोठ्यानं हसायची, मी खाली टेबलाशी बसून अभ्यास करायचे. आणि तरी त्या महिन्यांत दार वाजलं की तुम्ही असावात असं मला वाटायचं. आईला हे मी कधी कळू दिलं नाही.