मंडपातला शेवटचा प्रश्न

निरगुडसर, ८ जानेवारी २०२५

चि. श्रेयास,
उज्ज्वला आत्याचे अ. आ.

तुमच्या जुन्नरच्या होस्टेलात मोबाईल चालत नाही हे बरंच झालं. त्यामुळे तरी भाची आत्याला पत्र लिहिते. स्वेटर घालत जा, पेटीत ठेवायला दिलेला नाही.

यंदा गावच्या हळदीकुंकवाला संगीत खुर्ची नाही, सामान्यज्ञानाची स्पर्धा आहे. मला दहावीला बाहेरून बसायचंय, तुला माहीतच आहे. तुझ्या मामांची, म्हणजे आमच्या ह्यांची, ना नाही. मामंजी मात्र म्हणाले, या वयात शाळा कसली? पहिला नंबर आण, मग खुशाल बस. तेव्हा भरपूर प्रश्न पाठव गं, आणि माझं चुकलं तर हसू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
आत्या

जुन्नर, १७ जानेवारी

ती. आत्यास,
श्रेयाचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. त्यातला अर्धा माझ्या रूममेट प्रतिभानं फस्त केला.

प्रश्न सोबत आहेत, उत्तरं मागच्या बाजूला. आधी पान उलटायचं नाही! काही मात्र इथेच सांगून टाकते. विहिरीवरच्या कप्पीनं वजन कमी होत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते. घोड नदी भीमेला मिळते. मेरी क्युरींना नोबेल दोनदा मिळालं. आणि राज्यप्राणी शेकरू, हे भीमाशंकरच्या एवढ्या जवळ राहून चुकलीस तर बोलणार नाही तुझ्याशी.

माया आहे तेवढी असू दे, थोडी वाढली तरी चालेल.
श्रेया

निरगुडसर, २९ जानेवारी

चि. श्रेयास, अ. आ.

दुसरा नंबर आला. स्टीलचा डबा मिळाला, तो माळ्यावर टाकून दिला.

तुझी कप्पी आली, शेकरूही आला. शेवटी मी आणि शेजारची जया बरोबरीत. मग मला शेवटचा प्रश्न आला, कोणत्या राजाच्या नावावरून आपल्या देशाला भारत म्हणतात? अगं, लहान पोरांनाही येतं. पण ते तुझ्या मामांचंच नाव! उखाण्याबाहेर मी ते कधी घेतलेलं नाही, आणि समोर खुर्ची टाकून मामंजी बसलेले. जीभच उचलेना. शेवटी मी म्हणाले, आमच्या ह्यांचंच नाव. सगळा मंडप हसला. परीक्षकबाईंनी ते उत्तर धरलं नाही, जयानं चटकन सांगितलं आणि जिंकली.

तिथे मीही हसले, घरी येऊन मात्र खूप रडले. मामंजींचा शब्द म्हणजे शब्द. आता शाळेचा विषय नको.

तुझी आत्या

जुन्नर, ३ फेब्रुवारी

ती. हौशीराम आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावणार असाल तर आधी चहा घ्या. भरतमामांचं नाव आत्याला येत नव्हतं का? सासऱ्यासमोर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती गप्प राहिली. तुमचा मान राखायला दहावी घालवून बसली. तुम्हीच सांगा, हे बरोबर झालं का?

लहान तोंडी मोठा घास घेतला, सांभाळून घ्या.
श्रेया

निरगुडसर, १० फेब्रुवारी

चि. श्रेयास,
हौशीरामचे अ. आ.

च्या दोनदा घेतला. लई आगाव हाईस तू. मला मंडपातच कळलं व्हतं. पर शब्द दिलेला, मागं कसा घ्यावा म्हणून गप बसलो.

तुजं पत्र वाचलं अन सूनबाईला म्हणालो, त्या राजाचं नाव सांग. तिनं नुसता डोक्यावर पदर घेतला. मंग मी तिच्याकडं पाठ करून बसलो. म्हणालो, आता मी हितं न्हाई. मागनं बारीक आवाजात उत्तर आलं. बरोबर व्हतं. मला काय लगीच वळून बघता आलं न्हाई, डोळं भरलं व्हतं.

दुपारी तिला मंचरला नेलं, दहावीची पुस्तकं घेतली. पिशवी मीच धरली. नंबर दुसराच आला, म्हंजी शब्द माजाच मोडला. आयुष्यात पैल्यांदा मोडला, अन पोरी, लई बरं वाटलं.

सुट्टीत आत्याकडं ये, मलाबी भेट.
तुजा आजोबा