अननोनराव

५ जानेवारी, रविवार
निर्णय झाला. मोराकी सोडली.

आठ वर्षं ज्या टीमसाठी गाडी पळवली, त्या टीमने नव्या बॅनरवर माझं नाव रणजितच्या खाली छापलं. रणजित टीम मॅनेजर आहे, मान्य. पण रिमोटच्या गाड्यांच्या रेसिंगमध्ये गाडी मॅनेजर चालवत नाही, ड्रायव्हर चालवतो. तसं त्याला सुनावलं. तो म्हणाला, नावं वर्णानुक्रमाने छापलीत, आधी रणजितचा र येतो, मग शुभंकरचा श. पुण्यात अपमान असाच करतात, वर्णानुक्रमाने.

झिप्टॉर कंपनीचा होकार आलाय. फॅक्टरी ड्रायव्हर! गाडी त्यांची, जर्सी त्यांची. मार्चच्या वेस्ट झोन स्पर्धेत पहिल्या तिघांत आलो तर पूर्ण वेळ करार, पगारासकट. हिंजवडीची नोकरी आणि कंपनीच्या बसमधले ते तास, सगळं संपेल. अपूर्वाला सांगितलं. ती म्हणाली, आधी पगार येऊ दे, मग तुझी जर्सी मी स्वतः इस्त्री करीन. बायको म्हणून चांगली आहे, पण खेळाडू वृत्ती नाही.

७ जानेवारी, मंगळवार
मोराकीची गाडी परत केली. रणजित म्हणाला, तुझं काही असेल तर काढून घे. मी म्हटलं, यात माझं काहीही नाही, आणि मला काही नकोय. एक स्क्रूसुद्धा सैल न करता, आहे तशी टेबलावर ठेवली आणि ताड्‌ताड् निघालो. मागे वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, टोपी तिथेच राहिली.

संकल्प: रोज सकाळी अंगठ्यांचा व्यायाम. तळलेलं बंद. रणजितशी बोलणं बंद.

१२ जानेवारी, रविवार
नव्या गाडीचा पहिला दिवस. वाघोलीला रंगरावांच्या लॉन्सवर. लग्न नसेल त्या रविवारी त्यांच्या पार्किंगमध्ये आमचा मातीचा ट्रॅक असतो.

आधी वाईट बातमी. गाडी वळणावर ऐकत नाही. उडीवरून थेट नाकावर आपटते. इतक्या वेळा उलटली की सरळ करणारा मार्शल म्हणाला, साहेब, मी इथेच बसू का खुर्ची घेऊन? फार खिन्न होऊन ड्रायव्हर उभे राहतात त्या मचाणावरून खाली उतरलो.

आणि टायमिंगच्या बोर्डाकडे पाहतो तर काय! माझं नाव सगळ्यात वर! मोराकीवर कधी नव्हता असा लॅप टाइम! दोनदा डोळे चोळले. मग उलगडा झाला. गाडी वेगवान असते तेव्हा ती हातात ठरत नाहीच. अंगठे फसवतात, कॉम्प्युटर फसवत नाही. हे वाक्य लिहून आरशाला चिकटवलंय.

बोर्डाच्या तळाशी नावच नसलेला कोणीतरी आहे. नुसतं 'अननोन' लिहिलेलं. बिचारा सगळ्यांच्या कितीतरी मागे. याला आपण अननोनराव म्हणू.

एक वडापाव. अपवाद म्हणून.

१९ जानेवारी, रविवार
पुन्हा पहिला. अननोनराव पुन्हा शेवटचे.

अपूर्वाच्या फोनवर लाइव्ह टायमिंगचं अॅप टाकून दिलं. तिने विचारलं, कॉम्प्युटरला कसं कळतं कोणती गाडी कोणाची? तिला समजावलं की प्रत्येक गाडीत सुपारीएवढी चिप असते. गाडी रेषेवरून गेली की चिपचा नंबर जातो, आणि त्या नंबरापुढे ज्याचं नाव लिहिलंय त्याचा लॅप मोजला जातो. ती म्हणाली, म्हणजे माणूस कोणी का असेना. मी म्हटलं, अगदी बरोबर. हुशार आहे.

मोराकीने माझ्या जागी एक मुलगी घेतलीय. पूर्णिमा. अमरावतीकडची, वाघोलीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. तिला माझी जुनी गाडी दिलीय. पोरीच्या हातात गाडी रुळावरून चालल्यासारखी चालते. पण नाव बोर्डावर कुठेच नाही! दिसण्यात आणि असण्यात हाच फरक असतो.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाला गेलो नाही, थेट ट्रॅकवर. पहिला.

अननोनराव म्हणजे कोण याचा छडा लावायचा ठरवलं. संशय दीनानाथकाकांवर. सदाशिव पेठेतले निवृत्त बँक अधिकारी, हातात रुमाल धरून गाडी चालवतात. त्यांना बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं की काका, वळणावर थ्रॉटल आधी सोडत जा, लाजायचं कारण नाही. ते म्हणाले, माझं नाव बोर्डावर पाचवं आहे, तुम्हाला वाचता येत असेल तर पाहा. सदाशिव पेठेचं भलं करायला जाऊ नये.

मग रंगरावांना विचारलं. ते म्हणाले, आवं सायेब, कुणाची तरी नवी चिप हाय, नाव टाकायचं ऱ्हायलंय. ज्याची हाय त्यो येईल की सांगाया. मी म्हटलं, असले टाइम असल्यावर कोण येतंय सांगायला.

२ फेब्रुवारी, रविवार
पूर्णिमा आज स्वतःहून आली. म्हणाली, दादा, एक विचारू का? माझं नाव बोर्डावर येऊनच नाही राहिलं. रणजितदादांना विचारलं तं ते नुसते हसते.

मला तिची दया आली. शांतपणे सांगितलं की नाव असं महिन्याभरात येत नसतं. आठ वर्षं द्यावी लागतात. ती बरं म्हणाली आणि गेली. विनम्र आहे. मोराकीत फुकट जाणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
ताप. दिवसभर पांघरुणात. ट्रॅकला पहिलीच दांडी.

अंगठ्यांचा व्यायाम तापामुळे बंद. (मागचे तीन आठवडे बसच्या गर्दीमुळे बंद होता.)

संध्याकाळी अपूर्वा फोन घेऊन आली. अॅपवर माझं नाव! आजच्या तारखेला! आणि सीझनमधला बेस्ट लॅप! ती म्हणाली, तू तर इथे काढा पीत होतास. मग सांगितलं की कॅशेचा प्रॉब्लेम असेल, जुना डेटा नव्या तारखेला दाखवतंय. मी आयटीतला, ती आयटीतली. कॅशे म्हटलं की आम्हा दोघांनाही पटतं.

पण मग हा बेस्ट लॅप जुना कसा? इतका चांगला तर मी कधीच गेलो नव्हतो. यावर जास्त विचार केला नाही, ताप होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
हे नीट लिहून ठेवतो.

अपूर्वाला म्युनिकची पोस्टिंग मिळतेय. दोन वर्षं. या पोस्टिंगसाठी ती खराडीच्या त्या ऑफिसात चार वर्षं मान मोडून काम करतेय. आज उत्तर कळवायचं होतं. ती समोर बसली आणि म्हणाली, तुझा करार झाला तर तुला इथेच राहावं लागेल, आणि मला तुला एकट्याला सोडून जायचं नाही. तर एकदाच विचारते. गाडी खरंच एवढी छान चालतेय?

ओठांवर आलं होतं: नाही. वळणावर माझा जीव खालीवर होतो, उडीआधी मी डोळे मिटतो, गाडी माझी आहे असं एकदाही वाटलेलं नाही. एवढं सगळं एका क्षणात आलं. पण मी म्हटलं, बोर्ड बघ.

तिने अॅप उघडलं. बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, तुझं नाव वर पाहून मला किती बरं वाटतं तुला माहीत नाही. आईलासुद्धा दाखवलं मी. मग माझ्यासमोरच तिने ऑफिसात नकार कळवला. तिच्याऐवजी तिची मैत्रीण रुपाली जाणार.

बाथरूममध्ये जाऊन रडलो. आनंदानेच बहुतेक.

२४ फेब्रुवारी, सोमवार
राजीनामा दिला. झोकून दिल्याशिवाय झेप येत नाही. बॉस म्हणाले, नोटीस पीरियडची गरज नाही, आजच मोकळे व्हा. इतका आदर माझ्याबद्दल या माणसाच्या मनात होता, मला कळलंच नव्हतं.

अपूर्वाला करार झाल्यावर सांगू. सरप्राइज.

८ मार्च, शनिवार
वेस्ट झोन. नोंदणी.

नोंदणीच्या टेबलावर प्रत्येक गाडी एका यंत्राखालून नेतात. यंत्र चिप वाचतं आणि स्क्रीनवर नाव येतं. माझ्या आधी पूर्णिमा होती. तिची गाडी खाली गेली आणि स्क्रीनवर आलं: शुभंकर.

मी हसलो. म्हटलं, यंत्र बिघडलंय. मग माझी गाडी खाली गेली. अननोन.

टेबलावरच्या माणसाने दोनदा केलं. तिसऱ्यांदा मीच करायला लावलं. मागे रांग होती, दीनानाथकाका होते, सगळे होते. मला सात जानेवारी आठवला. एक स्क्रूसुद्धा सैल न करता. त्या अख्ख्या गाडीत एकच वस्तू माझी होती, ती चिप.

रणजित म्हणाला, अभिनंदन, म्हणजे तू अजून आमच्याच टीममध्ये आहेस. लोक हसले. दोन महिन्यांनी त्याच्याशी बोललो. विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, पहिल्या रविवारपासून. माझ्याकडे स्टॉपवॉच असतं. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? यावर तो हसला नाही. म्हणाला, मला वाटलं तुला कळेलच. गाडी चालवणाऱ्याला कळतं रे.

टेबलावरच्या माणसाने दोन्ही नावं दुरुस्त केली. पूर्णिमा मला सॉरी म्हणाली. तिने का म्हणावं?

९ मार्च, रविवार
सी फायनलमध्ये शेवटचा. सी फायनलच्या खाली फायनल नसते.

आमच्यात एक रीत आहे. आपली रेस संपली की पुढच्या एखाद्या रेसला मार्शल म्हणून ट्रॅकवर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. माझी पाळी ए फायनलला, म्हणजे खऱ्या फायनलला आली. मधल्या उडीपाशी उभा होतो. पूर्णिमा पहिली होती. शेवटून दुसऱ्या फेरीत तिची गाडी उडीवर हलली आणि माझ्या पायाशी येऊन उलटी पडली. चारही चाकं हवेत फिरत होती.

हातात घेतली. आठ वर्षं रोज हातात घेतलेली गाडी. वजनसुद्धा ओळखीचं.

मी ती लगेच ठेवली. मला तरी तसंच वाटतं. रणजित म्हणतो, लगेच नाही ठेवलीस. त्याच्या हातात स्टॉपवॉच होतं. किती उशीर झाला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ती दुसरी आली.

घरी अपूर्वाने पानं घेतली होती. फोन ताटाशेजारी उपडा ठेवलेला. मी म्हटलं, ते अॅपवर जे दिसतंय ना, त्यांच्या सर्व्हरचा… ती म्हणाली, कॅशे? आणि आमटी वाढली. नोकरीचंही आजच सांगून टाकलं. तिने भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

१२ मार्च, बुधवार
झिप्टॉरचा फोन. गाडी आणि जर्सी परत पाठवा, जर्सी धुऊन. या वेळी शहाणपणाने आधी चिप काढायला गेलो. ती कंपनीचीच निघाली.

जुन्या बॉसना फोन केला. म्हणाले, कळवतो.

१६ मार्च, रविवार
ट्रॅकवर गेलो नाही. कशाला जाणार, काय घेऊन?

दुपारी रणजितने वॉचमनच्या हाती पाकीट पाठवलं. त्यात माझी टोपी आणि माझी चिप. चिप जेवणाच्या टेबलावर ठेवली.

नंतर रुपालीचा व्हिडिओ कॉल. तिने घराची खिडकी दाखवली, खालची ट्राम दाखवली, बेकरी दाखवली. अपूर्वा अगं वा, किती छान म्हणत होती. तो फ्लॅट आधी तिच्यासाठी पाहिलेला होता, हे मला तेव्हा कळलं. फोन ठेवल्यावर तिने चिप उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि म्हणाली, मी तुला त्या शुक्रवारी विचारलं होतं ना, तेव्हा तुला माहीत होतं?

मी म्हटलं, बोर्डावर तर नाव होतं.

ती म्हणाली, बोर्डाचं नाही विचारलं.

आणि उठून कुकर लावायला गेली. मी शिट्ट्या ऐकत बसून राहिलो. मला तिच्यापुढे इतकी लाज वाटली की स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही जाता येईना.

संकल्प: उद्या तिला खरं उत्तर द्यायचं. बाकी काही नाही, एवढंच.

१७ मार्च, सोमवार
ती ऑफिसला लवकर गेली. संध्याकाळी वेळेवर आली.

नाही दिलं.