न्हाणीमागचं अळू

आत्याबाई, तुमच्या न्हाणीमागच्या अळवात पाणकोंबडी राहते. तुमच्या वेळी होती का, ठाऊक नाही. तेव्हा लावणी, गुरं आणि तुमची बोलणी यातून मान वर करायला सवड कुणाला होती? आता सून कामाला हात लावू देत नाही, म्हणून परसात दगडावर बसते आणि बघते. तोंड पांढरं, पाठ काळी, शेपटीखाली तांबूस. दोन पावलं टाकते, थांबते, शेपूट उडवते. पावसात तिच्यामागं पिल्लं निघाली, चुलीतल्या कोळशांना पाय फुटावेत तशी. मुंगूस दिसलं की ती असा गळा काढते, की शेजारच्या बंगल्यातले पाहुणे कुंपणाशी येऊन विचारतात, काय झालं? आपल्या मळवलीत आता घरांपेक्षा बंगले जास्त.

मी नवी नवरी होते तेव्हाचा एक दिवस आठवतो. तुम्ही दाराशी तांदूळ निवडताय. मी गोधड्या उकळलेलं पाणी हंड्यासकट उचललंय, अळवात ओतणार, तेवढ्यात तुम्ही मनगट धरलंत. "आगं, निवू दे. आन आधी हाक देत जा, मंग पानी टाक. तितं बी कुनाची लेकरं आसत्याल." मला राग आला. बेडकांची एवढी काळजी, आणि माझी एक भाकरी करपली तर दिवसभर ऐकवायच्या. पण हाक द्यायला लागले, तुम्ही द्यायच्या तशीच, "सरका गं बायांनो, पानी येतंय." तोंडाला लागलेली सवय, राहिली.

यंदा उन्हाळ्यात तुमच्या नातवानं, म्हणजे माझ्या पोरानं, घरात नवी बाथरूम बांधली. गुळगुळीत फरशी, वरून गरम पाण्याचा फवारा, आणि सांडपाणी पाइपातून थेट शोषखड्ड्यात. न्हाणी पाडून तिथं गाडी लावायची म्हणाला. न्हाणीचं पाणी तुटलं की अळू वाळणार, आणि ओल गेली की ती कोंबडी तरी कशाला थांबेल? पाखरापायी न्हाणी ठेव म्हटलं असतं तर हसला असता. मी म्हटलं, "त्या फरशीवर पाय सटकतो माजा. हाड मोडलं तर माजं सगळं तू करनार हायस का?" न्हाणी राहिली.

आता सगळे आत अंघोळी करतात आणि मी एकटी तुमच्या न्हाणीतल्या दगडावर. पहिला तांब्या ओतायच्या आधी हाक देते. अळवाची पानं हलतात, पिल्लं पलीकडे सरकतात, मग मी पाणी घेते.

हा कागद धाडायचा कुठं? आणि तुम्हाला वाचता तरी कुठं येत होतं. पिठाच्या डब्याखाली ठेवते. तुम्हाला म्हणून सांगते, पाय काही सटकत नाही. सगळे लग्नाला टाकव्याला गेले होते, तेव्हा त्या फवाऱ्याखाली एकदा उभी राहून आलेय. गुडघ्यांना लय बरं वाटलं होतं.