उलटा तक्ता

६ ऑगस्ट, सोमवार
संपली एकदाची डोळेतपासणी! तीन दिवस, तीनशे बारा मुलं. खडूच्या रेषेवर एकेकाला उभं करायचं, एक डोळा झाकायला लावायचा आणि समोरच्या तक्त्यावरच्या ‘ई’चं तोंड कुठे ते विचारायचं — वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. घसा बसला. माझ्या चौथीत तर एकही नापास नाही! मोठ्या बाई खूश. “तुमच्या हाताला गुण आहे हो!” मला फक्त झोप हवी आहे.

८ ऑगस्ट, बुधवार
माझ्या वर्गातल्या पाठांतरवालीला आज पुन्हा रागावले. कविता, पाढे — एकदा ऐकलं की पाठ! आणि फळ्यावरची चार गणितं उतरवायची तर तीन चुकीची. “लक्ष कुठे असतं गं तुझं?” तर मान खाली. डोळे ठणठणीत, म्हणजे नुसता आळस. वहीत लाल शेरा मारला. घरी आल्यावर वाटलं, जरा जास्तच बोलले. पण किती जणांशी गोड बोलायचं? जीव मेटाकुटीला येतो.

१० ऑगस्ट, शुक्रवार
मधल्या सुट्टीत चौथीच्या मुली दोरीवर उड्या मारत होत्या. “उजवी, खाली, वर, वर, डावी —” चक्क चालीवर! चहाचा कप हातातच राहिला. हा तर माझा तक्ता. मीच सगळ्यांना एका खोलीत रांगेत उभं केलं होतं. मागच्यांनी पुढच्यांची उत्तरं ऐकून ऐकून पाठ केली. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही!

मोठ्या बाईंना सांगितलं. “अहो, यादी वर गेली. आता कशाला नसतं खूळ?” घरी ह्यांचं वेगळंच, “तू काय डॉक्टर आहेस?” नाही. पण ‘ठीक’ असं मीच लिहिलंय ना!

१३ ऑगस्ट, सोमवार
कुणाला न विचारता केलं. चौथीला व्हरांड्यात बसवलं, एकेकाला आत घेतलं. तक्ता उलटा टांगला. बहुतेक जण बघताक्षणी हसले. “बाई, तक्ता उलटा लागलाय!” म्हटलं, असू दे, वाच.

पाठांतरवाली हसली नाही. रेषेवर ताठ उभी राहिली. “उजवीकडे, खाली, वर, वर, डावीकडे.” कविता म्हणावी तसं, न अडखळता. एकूण एक चूक. तक्ता उलटा आहे हेच तिला दिसत नव्हतं.

“ते दोरीवरचं गाणं कुणी केलं गं?”

“मी, बाई. तुम्ही म्हणालात ना, नापास झालेल्यांनी भिंतीपाशी उभं राहायचं.”

हो. म्हणाले होते.

आणखी तिघं तशीच निघाली.

१८ ऑगस्ट, शनिवार
तिच्या आईबरोबर मीही दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या डोळ्याला चष्म्याने नीट दिसेल. उजवा फार मागे पडलाय. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून बघू, पण सहाव्या वर्षी आली असती तर... आईने विचारलं, “शाळेत तपासतात ना दरवर्षी?” सांगून टाकलं — तपासणारी मीच. दरवर्षी मीच. तिने चष्म्याची चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

२७ ऑगस्ट, सोमवार
चष्मा आला. वर्गात शिरली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, आवाजावरून मला वाटायचं तुम्ही कायम चिडलेल्या असता. तुम्ही तर नुसत्या दमलेल्या दिसता.”