डावीकडे तीन, मागे एक

३ मार्च

नाच शिकायचं ठरवलं. वय सहासष्ट. गुडघे दोन, त्यातला एक कामाचा.

गावची जत्रा आठ मेला, मार्कोच्या सणाला. बायकोला, पर्सिदाला जाऊन काल चार महिने झाले. म्हणजे या जत्रेत तिच्या नावाचं कोलो नाचून द्यायचं. घरच्या माणसाने पुढे उभं राहायचं, हातात तिचा फोटो, फोटोच्या चौकटीवर पेटती मेणबत्ती, आणि मागे हातात हात धरून अख्खं गाव. ते झालं की घराचा दुखवटा संपतो, रेडिओ लावता येतो.

आणि ज्याच्या नावाचं कोलो दिलं जात नाही, तो तिकडे नुसता कडेला उभा राहतो, बाकीचे मेलेले नाचतात ते बघत. असं म्हणतात. मी चौतीस वर्षं जमीन मोजणी खात्यात काढली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

पण पर्सिदा कडेला उभी आहे, दुसऱ्यांचे कोट धरून – हे काही डोक्यातून जात नाही. कोट धरायचं काम माझं होतं.

४ मार्च

व्हिएन्नाहून स्लाजानचा फोन. त्याला सांगितलं. मग म्हणाला, "बाबा, झायेचारहून नाचाचा ग्रुप बोलावू ना. पोशाखासकट येतात. तुम्ही बसून बघा."

म्हटलं, तुझी आई भाड्याने नाचणार का?

"मग मी येऊन पुढे उभा राहतो."

त्याचा नाच मी त्याच्या लग्नात पाहिला आहे. माझाच मुलगा आहे, शंका नको. फोन ठेवला.

१२ मार्च

पहिली शिकवणी. झिव्काताईंच्या अंगणात. शेजारीण, वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं या गावच्या कोलोत पर्सिदा पहिली आणि या शेवटच्या. शेवटचा माणूसही मुरलेला लागतो, नाहीतर रांगेचं शेपूट भरकटतं.

मी दुखवट्यात, म्हणून वाजवणं-गाणं नाही. झिव्काताईंनी बादली उलटी घातली आणि लाकडी डावाने ठोकायला सुरुवात केली. बादली म्हणजे वाद्य नव्हे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

आधी सगळ्यात सोपं, 'सहाचं' कोलो. लहान मुलांना येतं म्हणे. मी मोजलं. आठ भरतात. पुन्हा मोजलं. आठच.

"ताई, हे आठ आहेत."

"सहाचं म्हणतात."

"पण आहेत आठ."

"तिहोमिर, तू नाचायला आलायस का मोजणीला?"

खात्यात असा नकाशा दिला असता तर घरी बसवलं असतं मला.

१५ मार्च

गुडघा सुजला. कोबीचं पान बांधून बसलो.

१९ मार्च

झिव्काताई म्हणतात, माझी अडचण पायात नाही, डोक्यात आहे. पाय उचलायच्या आधी मी तो कुठे ठेवायचा ते ठरवतो, तोवर ताल पुढे गेलेला असतो.

यावर उपाय केला. आज अंगणात खुंट्या ठोकल्या. मेलेल्यांचं कोलो संथ असतं – एका बाजूला तीन पावलं, एक मागे, मागे जाताना गुडघा थोडा लवतो, आणि पुन्हा तेच. झिव्काताई समोर उभ्या राहून करत गेल्या, त्यांच्याकडे बघून मी खुणा केल्या, टेप लावून. पाऊल बासष्ट सेंटीमीटर. एकूण अठ्ठेचाळीस खुंट्या, प्रत्येकीला लाल दोरा. पुढे त्यांचा गोल, चेरीच्या झाडाला वळसा घालून.

कोंबड्यांना आवडलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी विचारलं, काय बांधताय. म्हटलं, काही नाही. त्यांनी मान डोलावली. दुखवट्यातल्या माणसाला जास्त विचारत नाहीत.

२७ मार्च

आज न चुकता तीन फेरे. झिव्काताई म्हणाल्या, "मेंढरू दिसतोस, पण पुढे सरकणारं."

ही शाबासकी होती.

२ एप्रिल

फोटोचं बघितलं. झायेचारच्या स्टुडिओत काढलेले दोन होते, एकसारख्या चौकटीत. एक तिचा, एक माझा. फळीवर आता तिचाच आहे. माझा गेल्या वसंतापासून गायब. तेव्हा विचारलं तर म्हणाली, काच तडकली, बदलायला दिलीय. वर्ष झालं, काच काही बदलून आली नाही. मीही पाठपुरावा केला नाही, मला काय, माझा चेहरा मला पाठ आहे.

तिचा पुसला. तिने ओठ मिटले आहेत, कारण फोटोवाल्याने हसा म्हटलं होतं आणि तिला कोणी सांगितलेलं करायला आवडायचं नाही.

आठवण येते. लिहून ठेवलं.

९ एप्रिल

पावसाने अंगण चिखल झालं. जुना मित्र त्राइलो येऊन बसला, राकियाची बाटली घेऊन. त्याची गंमतच आहे. मुलांवर विश्वास नव्हता म्हणून त्याने एकोणीस वर्षांपूर्वी जिवंतपणीच स्वतःच्या नावाचं कोलो देऊन टाकलं. तशी पद्धत आहे, ज्याला मागच्यांची खात्री नाही तो आधीच देऊन मोकळा होतो. स्वतःचा फोटो हातात घेऊन स्वतःच पुढे नाचला. त्यानंतर दर जत्रेत कोकरू खातो आहे.

त्याला म्हटलं, तुझं बरं आहे. माझ्यासाठी कोण नाचणार? स्लाजान?

त्राइलोने ग्लासात बघितलं. मग म्हणाला, "पाऊस थांबला वाटतं."

थांबला नव्हता.

१६ एप्रिल

घात झाला.

आज पहिल्यांदा झिव्काताई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, हात धरून. आजवर त्या समोर आणि मी त्यांच्याकडे बघत. बादली ठोकायला कोणी नव्हतं म्हणून तोंडाने मोजलं. एक, दोन – मी उजवीकडे निघालो आणि त्या डावीकडे. दोघं ताणले गेलो आणि कांद्याच्या वाफ्यात पडलो. मी खाली, त्या वर. एकोणऐंशीच्या मानाने वजनदार आहेत.

उठून त्यांनी खुंट्यांकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग छातीशी हात नेला.

"तिहोमिर. जिवंतांचं कोलो उजवीकडे जातं. मेलेल्यांचं डावीकडे. तू चार आठवडे उलटा नाचतोयस."

समोर उभ्या असलेल्या माणसाची डावी बाजू म्हणजे आपली उजवी. हे मी पहिल्या वर्षीच्या शिकाऊ पोरांना शिकवत असे! चौतीस वर्षं. एकदाही चूक नाही.

अठ्ठेचाळीस खुंट्या उपटल्या.

१७ एप्रिल

अठ्ठेचाळीस खुंट्या ठोकल्या.

२१ एप्रिल

डोकं डावीकडे, पाय उजवीकडे. रात्रभर झोपेतही पाय चुकीच्या बाजूला जात असणार, सकाळी पांघरूण तिकडेच पडलेलं असतं.

झिव्काताईंना म्हटलं, ग्रुपच बोलावतो. पोशाखासकट.

त्या भोपळ्याच्या बिया सोलत होत्या. वर बघितलं नाही. "बोलाव. पोशाखवाले नाचतील, त्यांचं नाचणं त्यांच्याच खात्यात जाईल. पर्सिदाला काय मिळेल? बघायला मिळेल."

घरी आलो. पुन्हा डावीकडे तीन, मागे एक.

२५ एप्रिल

गेल्या वर्षीची जत्रा आठवली. दुपार, ऊन मी म्हणतंय, कोकरं फिरताहेत निखाऱ्यावर. पर्सिदा कोलोतून बाहेर आली आणि म्हणाली, "घरी जाऊन माझं जाकीट आण." म्हटलं, या उकाड्यात? "आण म्हटलं ना." गेलो. घर दीड किलोमीटर, जाऊन-येऊन तीन. परत आलो तोवर नाच थांबला होता. लोक माझ्याकडे बघत होते. योवित्सा – अकॉर्डियन वाजवतो, एरवी तोंडाचा पट्टा बंद नसतो – त्याने नजर वळवली. कोणीतरी कोकराचा सगळ्यात चांगला तुकडा माझ्या ताटात टाकला. जाकीट तिने घातलंच नाही.

माझ्या वाट्याला आलेला नाच एवढाच. जाकीट.

तिने मला ओढलं नव्हतं असं नाही. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ओढायची. मी म्हणायचो, माझं ते काम नव्हे. तिसऱ्या वर्षी तिने कोट माझ्या हातात दिला आणि पुन्हा विचारलं नाही. चाळीस वर्षं नाही. मला वाटत होतं, आमचं ठरलं.

चूक केली. सरळ सांगायचं तर फार मोठी चूक केली.

२ मे

सहा महिने. थडग्यावर गोड उकडलेले गहू, मेणबत्ती, थोडी वाइन जमिनीवर. झिव्काताई, त्राइलो, मी. ते दोघे फाटकापाशी गेले तेव्हा मी मागे राहिलो आणि तिला एक फेरा करून दाखवला. रेतीत पाय रुततो. पण दिशा बरोबर होती.

परतताना झिव्काताईंना विचारलंच – माझ्या वेळेला पुढे कोण उभं राहणार? स्लाजानला जमणार नाही, आणि तुम्ही काही माझ्यासाठी थांबणार नाही.

"तुझं राहू दे," त्या म्हणाल्या. "पायाकडे बघ, चिखल आहे."

७ मे

स्लाजान आला. चौदा तास गाडी चालवून. अंगणात उभा राहून खुंट्या बघत राहिला. संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर तो खुंट्यांवरून पाय टाकत होता. डावीकडे तीन, मागे एक. माझ्यापेक्षा वाईट. मला बरं वाटलं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली.

८ मे

झालं.

सकाळी प्रार्थना, मग पाव कापणं, मग जेवणं. तीन वाजता योवित्साने खूण केली. चर्चमागच्या मैदानात मी डाव्या टोकाला उभा राहिलो. डाव्या हातात पर्सिदा, चौकटीच्या कोपऱ्यावर मेणबत्ती. उजवा हात स्लाजानच्या हातात. त्याचा हात ओला होता. त्याच्यामागे बाकीचे. बेचाळीस माणसं, मी मोजली. शेवटी झिव्काताई.

योवित्सा मोठ्याने म्हणाला, "हे कोलो पर्सिदासाठी. तिला तिकडे नाचता यावं." आणि सुरू केलं.

पहिला फेरा बरा गेला. वारा मेणबत्तीला झोंबतो आहे, मी तिला सांभाळतो आहे, पाय आपले आपण चालले आहेत. तेव्हा कळलं की झिव्काताई डोक्याबद्दल काय म्हणत होत्या.

दुसऱ्या फेऱ्यात मला ते कळलंय हे माझ्या लक्षात आलं, आणि उजवीकडे निघालो.

कोलोत पुढच्याला कोणी दुरुस्त करत नाही. तो जाईल तिकडे जायचं. बेचाळीस माणसं मुकाट्याने माझ्यामागे उजवीकडे वळली. मेलेल्या बाईला हातात घेऊन जिवंतांच्या दिशेला चार पावलं. योवित्साने एकच सूर लांबवत धरून ठेवला, ताणता येईल तितका. स्लाजान कानाशी पुटपुटला, "बाबा, दुसरीकडे." मी थांबलो. गुडघा लवला. डावीकडे तीन. मागे एक.

तिसऱ्या फेऱ्यात मी रडत होतो. नाच सोडला नाही. मेण मनगटावर सांडत होतं, तेही पुसता येईना, हात मोकळा नव्हता.

संपल्यावर रिवाजाप्रमाणे फोटो रांगेतल्या शेवटच्या माणसाकडे गेला. झिव्काताईंनी तो मेणबत्तीच्या थोटकासकट विणलेल्या टॉवेलात गुंडाळला. आज तो त्यांच्या घरी राहतो, मग त्या आणून देतात. मला म्हणाल्या, "चार पावलं चुकलास."

म्हटलं, माहीत आहे.

"तिला चालेल. तिला वळणं आवडायची."

तेव्हा स्लाजान माझा कोट धरून शेजारी उभा होता. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

९ मे

स्लाजान गेला. जाताना दारात म्हणाला, "पुढच्या वर्षी मला शिकवा." खुंट्या काढू नका म्हणाला. रेडिओ लावला. हवामानाच्या बातम्या होत्या. शेवटपर्यंत ऐकल्या.

१० मे

झिव्काताई आल्या. हातात टॉवेलाच्या दोन गुंडाळ्या.

एकीत पर्सिदा. दुसरीत मी. स्टुडिओतला फोटो, काच शाबूत. चौकटीच्या कोपऱ्यावर वर्षभराचं वाळलेलं मेण.

"तुला जाकिटाला पाठवलं ना, तेव्हा तिने तुझं कोलो देऊन टाकलं," त्या म्हणाल्या. "आपल्या छातीचं दुखणं तिला कळलं होतं. मी म्हटलं, अगं, द्यायचंच तर आधी स्वतःचं दे, त्याला दोन पावलं टाकता येत नाहीत. तर म्हणाली, माझ्यासाठी तो शिकेल. त्याच्यासाठी कोण शिकणार? आणि तो नाचल्याशिवाय त्याला सांगू नकोस, नाहीतर देणं म्हणून नाचेल आणि म्हणेल, फिटलं."

म्हटलं असतं.

दोन्ही फोटो फळीवर ठेवले. मेण खरवडलं नाही.